दहावीच्या बॅचच्या आठवणी जमवायच्या आहेत? आधी पाचवीची हजेरी शोधा

तुम्ही विचारलंय: तालुक्याच्या गावातल्या शाळेची तुमची दहावीची बॅच पंचवीस वर्षांनी मुंबईत भेटतेय, स्मरणिकेचं काम तुमच्याकडे आलंय, आणि सगळ्यांकडून त्याच चार आठवणी येताहेत. सहल, गॅदरिंग, सरांची छडी, निरोप समारंभ. यापलीकडचं काही कसं मिळवायचं?

आमची बॅच राजापूरची, मार्च 1990 ची. 2015 साली हेच काम माझ्याकडे आलं होतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

सुरुवात मीही तुमच्यासारखीच केली. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, दहावीच्या ग्रुप फोटोत जेवढे दिसत होते तेवढ्यांना जोडलं आणि विचारलं, "शाळेची आठवण लिहून पाठवा." आठवडाभरात बारा जणांच्या आठवणी आल्या. त्यातल्या नऊ नववीच्या सहलीच्या होत्या: रत्नागिरीचा थिबा पॅलेस, टिळकांचं जन्मस्थान, परतताना घाटात बंद पडलेली एसटी. सगळं खरंच होतं, पण मला लिहिता येईना, कारण त्या सहलीला मी गेलेच नव्हते. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलींना घरून सोडलं नव्हतं. विरारला असणारी माझी मैत्रीण फोनवर म्हणाली, "ती एसटी तुम्ही कितीदा बंद पाडणार? त्या दिवशी आम्ही सात जणी वर्गात बसून काय करत होतो ते कुणी विचारलंय का?" मग तिनेच सांगितलं. त्या दिवशी शिपाईमामांनी प्रयोगशाळा उघडून दिली होती आणि आम्ही पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला हात लावला होता. एरवी मुलांच्या गर्दीत आमचा नंबरच लागत नसे. कांद्याची साल, तिचे विटांसारखे रचलेले कप्पे. मी हे साफ विसरून गेले होते.

म्हणजे एक तर झालं: "आठवण सांगा" असं विचारू नका. "त्या दिवशी तू कुठे होतास, कुठे होतीस?" असं विचारा.

पण खरी गोष्ट पुढेच आहे.

आम्ही मुंबईतले एकोणीस जण दादरला एका मैत्रिणीच्या घरी जमलो. लालबागचा चिवडा, चहा, गप्पा. बोलता बोलता कुणीतरी पाचवीच्या सरांची हजेरी म्हणायला लागलं. पाचवी आणि सहावी दोन्ही वर्षं तेच सर आमचे वर्गशिक्षक होते, आणि ते हजेरी चालीत घ्यायचे. नाव नाही, नुसतं आडनाव, आणि दर चौथ्या आडनावावर टेबलावर डस्टर आपटायचे. नुकतीच एबीसीडी शिकलेलो आम्ही "येस सर" अगदी घसा ताणून म्हणायचो. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. एकोणीस जणांनी ती हजेरी अशी धरली की शेजारच्या खोलीतली मुलं बघायला आली. गुरव, घाग, चव्हाण, जाधव, तांबे, आणि तिथे अडलो. सोळावर तांबे. सतरा कोण?

"सतरा मी," नार्वेकर म्हणाला. भांडुपचा दुसरा एक म्हणाला, "तू सातवीत सतरा झालास. पाचवीत तू अठरा." वाद झाला. शेवटी आकडे जुळवत गेलो तेव्हा तांबे आणि नार्वेकर यांच्यामध्ये एक जागा रिकामी निघाली. मुलगा होता हे नक्की. चेहरा काहींना आठवत होता, आडनाव कुणालाच नाही.

माझ्या पोटात तेव्हा कसंतरी झालं, ते कशामुळे ते सांगते. आमच्याकडे हजेरीत आधी मुलं, मग मुली. मुलींत माझं आडनाव पहिलं. पाचवीत माझा नंबर एकतीस होता, दहावीत एकवीस. दर वर्षी नंबर वर सरकत होता आणि मला त्याचं अप्रूप होतं, जणू मीच पुढे जातेय. त्या दिवशी दादरला बसून पहिल्यांदा हिशेब केला. माझ्या आधी तीस मुलगे होते, ते वीस राहिले. दहा मुलगे पाच वर्षांत पटावरून कमी झाले आणि त्यांच्या जागा आम्ही पुढे सरकून भरून टाकल्या. माझ्यामागच्या मुलींचं तर विचारू नका. एकवीसच्या दहा राहिल्या होत्या.

एकवीस जण असेच गेले होते, आणि मी "बॅचच्या आठवणी" म्हणून उरलेल्या एकतीस जणांच्याच शोधत होते.

सतरा नंबर सापडायला तीन महिने लागले. आमच्याकडे बहुतेक गावांचं मुंबईत मंडळ असतं, तिथे विचारत गेलो. त्याची वाडी कुठली एवढं एकाला आठवलं, त्या वाडीच्या मंडळाच्या खजिनदाराने नंबर दिला. कांजूरमार्गला त्याची पिठाची गिरणी आहे. मी एका शनिवारी संध्याकाळी गेले. पट्टा सुरू होता, त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या, समोर डब्यांची रांग, प्रत्येक डब्यावर खडूने नाव. मी शाळेचं नाव घेतलं. त्याने बटण बंद केलं, पट्टा थांबेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "एकतीस नंबर ना गो तू? पोरींतली पहिली?"

मला पुढची दोन मिनिटं बोलता आलं नाही.

त्याचे वडील लोअर परळला एका कापड गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप तेव्हा गिरणीत. माझेही. आम्ही दुसरीत होतो. मनीऑर्डर घेऊन येणारा पोस्टमन यायचा थांबला आणि वडील घरी आले, एवढंच आम्हाला कळलं. माझ्या वडिलांना पुढे एका वखारीत हिशेबाचं काम मिळालं, म्हणून मी दहावीच्या फोटोत आहे. त्याच्या वडिलांना काही मिळालं नाही. सहावीची वार्षिक परीक्षा झाली आणि काकाने त्याला रातराणीने मुंबईला आणलं. करी रोडला त्यांच्या गावकऱ्यांची खोली होती. दहा बाय बाराची जागा, भिंतीला ट्रंका, खुंटीला वळकट्या. पूर्वी पाळ्यांप्रमाणे आलटूनपालटून माणसं झोपायची तिथे. संपानंतर निम्म्या वळकट्या गावी गेलेल्या. बारा वर्षांचा हा तिथे राहिला आणि खालच्या पिठाच्या गिरणीवर डबे उचलायला लागला. वडिलांची गिरणी कापडाची, ह्याची पिठाची.

त्याने शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवलाय. प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर. मला दाखवला. "शाळा सोडण्याचे कारण" या रकान्यात लिहिलंय: पालकांच्या विनंतीवरून. आपल्याकडे सर्रास हेच लिहितात, माझ्याही दाखल्यावर तेच आहे. पण मी दहावी पास होऊन सोडली होती. त्याच्या दाखल्यावर ते दोन शब्द वाचताना मला त्यांचा राग आला, अजूनही येतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. आमच्या ग्रुपवर एका पुराचा वाद चालू होता. राजापूरला अर्जुना आणि कोदवली नद्यांना पूर आला की जवाहर चौकात पाणी भरतं, व्यापारी माल माळ्यावर चढवतात. आमच्या बालपणी पावसाळ्यात हे ठरलेलंच. पण एकदा पाणी इतकं झपाट्याने चढलं की शाळा अकरालाच सोडली, हे सगळ्यांना आठवत होतं. कुणी म्हणे सातवीत, कुणी म्हणे आठवीत. मी त्याला सहज विचारलं. तो म्हणाला, "सहावीत. मी होतो ना त्या दिवशी."

आणि त्याने जे सांगितलं ते आम्हा गावातल्या मुलांना माहीतच नव्हतं. आमच्या लेखी तो सुट्टीचा दिवस. आम्ही घरी जाऊन खिडकीतून पाणी बघितलं, आईने कुळथाचं पिठलं केलं. पण वाड्यांवरून पाच-सहा मैल चालत येणारी मुलं पलीकडे जाऊ शकली नाहीत. आमच्या वर्गातले नऊ जण रात्रभर शाळेत होते. सरही घरी गेले नाहीत. बाकं जोडून त्यांवर मुलांना झोपवलं, ओल्या छत्र्या व्हरांड्यात उलट्या करून ठेवल्या. शेजारच्या एका घरातून भात आला, पेजेसारखा सैल, आणि लिंबाचं लोणचं. कंदील एकच होता. सरांनी झोपायच्या आधी हजेरी घेतली. नऊच जणांची नाही, पूर्ण वर्गाची, त्याच चालीत, डस्टर न आपटता. जे नव्हते त्यांच्या नावाला थांबायचे आणि पोरं सांगायची, "घरी गेला सर." "पोचला असेल ना रे?" "पोचला असेल सर." मध्यरात्री पाऊस वाढला तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा घेतली.

त्या सरांची छडी आमच्या स्मरणिकेत सहा जणांनी लिहिली होती. ही रात्र एकानेही नाही, कारण ती ज्यांनी बघितली त्यांतले बहुतेक दहावीपर्यंत पोचलेच नाहीत.

मी त्याला विचारलं, तुला एवढं सगळं कसं लक्षात? तो म्हणाला, "तुमची शाळा पुढं गेली, तिच्यावर दुसरं काय काय साचलं. माझी तिथंच थांबली. मग तेवढीच आहे माज्याकडं, जशीच्या तशी." शाळेच्या घंटेचंही त्यानेच सांगितलं. आमची घंटा म्हणजे आंब्याच्या झाडाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. रेल्वे पूर्ण कोकणातून धावली 1998 साली, मग आमच्याकडे रूळ आधीच कसा, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्याला पडला होता. त्याने शिपाईमामांना विचारलं होतं, आणि त्यांनी सांगितलं होतं की कुणा माजी विद्यार्थ्याने मुंबईहून बोटीने आणून दिला. खरं-खोटं आता कळायला मार्ग नाही. आम्ही तसंच छापलं, त्याचं म्हणून.

तेव्हा माझा सल्ला असा. शाळेत कुणी ओळखीचं असेल तर तुमच्या वर्गाची पाचवीतली नावं मागा. आमच्या मुख्याध्यापिकांनी जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेची नावनोंदणीची वही, समोर बसून बघू दिलं, नावं हाताने उतरवून घ्यायला दीड तास लागला. लाल शाईने कमी केलेली नावं सोडू नका. मुलींची नावं माहेरची असतात, लग्नानंतर त्यांचा माग लागत नाही. त्यांच्यासाठी गावातल्या आयांना, वहिन्यांना विचारा, त्यांना कोण कुठे दिली ते तोंडपाठ असतं. मे महिन्यात माहेरी आलेली हमखास भेटते. लिहून पाठवा म्हणू नका, पुष्कळांना लिहायचं म्हटलं की धास्ती वाटते. फोनवर बोलतं करा, परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, मग तुम्ही उतरवा. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही छापा. आणि कृपा करून दहावीचे टक्के छापू नका. आमच्यात एकाने आग्रह धरला होता, मी ठाम नाही म्हटलं.

शाळा सोडून गेलेल्यांना मेळाव्याला बोलावताना जरा जपून. आम्ही वर्गणी ठेवली होती डोकी बाराशे रुपये. दोघांनी त्यामुळेच टाळलं हे नंतर कळलं. पुढच्या वेळी वर्गणीचं पाकीट बंद ठेवलं, ज्याला जे जमेल ते, नाव न लिहिता. पैसे कमी पडले नाहीत. एक जण आलाच नाही, म्हणाला, तुमच्यात येऊन मी काय बोलू. त्याचा मान ठेवला, पुन्हा फोन केला नाही. स्मरणिका मात्र पाठवली.

स्मरणिकेच्या पहिल्या पानावर फोटो नाही, पाचवीची हजेरी आहे, एक ते बावन्न, सरांच्या क्रमाने. सर तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या मुलीला प्रत नेऊन दिली, तर तिने उभ्या उभ्या ते पान त्याच चालीत वाचलं; घरी पाढेही ते तसेच म्हणून घ्यायचे म्हणे.

एकवीसपैकी सोळा जणांचा पत्ता लागला. दोघं वारल्याचं कळलं. नऊ, अडतीस आणि चव्वेचाळीस या तीन नंबरांपुढे अजून काही लिहिता आलेलं नाही. चव्वेचाळीसची मावशी उन्हाळे गावात, राजापूरच्या गंगेच्या वाटेवर राहते असं सतरा नंबरने परवाच सांगितलंय. मे महिन्यात गावी गेले की आधी तिथे जाणार आहे.