क्रीपला 'विसर्पण' का नको

उच्च तापमानाच्या मिश्रधातूंबद्दल वाचताना 'क्रीप' आणि 'फटीग' असे दोन शब्द येतात. दोन्हींसाठी 'धातू थकतो' म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आहे.

अजिबात नाही. ही गल्लत इतक्यांदा कानावर येते की चीड येते. फटीगमध्ये भार पुन्हापुन्हा यावा-जावा लागतो. क्रीपमध्ये भार एकच, कायमचा, एरवी सहज पेलेल एवढाच. पण उष्णतेत त्याच्याखाली धातू केसाकेसानं लांबत राहतो. तो थकत नाही, सरपटतो!

आणि सरपटणं म्हणजे संस्कृतातलं क्रियामूळ सृप्. संस्कृत 'सर्पति', लॅटिन 'सेर्पो', ग्रीक 'हेर्पो' ही सख्खी भावंडं. 'हेर्पो'वरून 'हर्पीस', कातडीवर सरपटत जाणारा रोग. त्यातल्याच एका प्रकाराला मराठीनं 'नागीण' म्हटलं, तेही ग्रीकांना न विचारता! आयुर्वेदात 'विसर्प' नावाचा त्वचारोग आहेच. विविध दिशांना सरपटतो म्हणून विसर्प, अशी फोड चरकसंहितेतच आहे.

म्हणूनच हिंदी परिभाषेतलं 'विसर्पण' जसंच्या तसं उचलणाऱ्यांशी माझं भांडण आहे. तो 'वि' चहूकडे पसरण्याचा आहे. इंजिनातल्या तापलेल्या टर्बाइनचं पातं चहूकडे पसरत नाही, ते भाराच्या दिशेनं लांबतं आणि शेवटी भोवतीच्या कवचाला घासतं. नुसतं 'सर्पण' म्हणा. (फक्त 'सरपण' लिहू नका, ते चुलीत जातं.)

सर्पण केव्हा सुरू होतं? केल्विनमध्ये मोजलेल्या वितळणबिंदूच्या साधारण 0.4 पटीपुढे ते जाणवू लागतं. शिसं 600 केल्विनला वितळतं, म्हणून ते 300 केल्विनच्या खोलीतही सरपटतं. जुन्या छपरांवरचे शिशाचे पत्रे स्वतःच्याच वजनानं ओघळलेले दिसतात ते यामुळे. टर्बाइनची पाती ज्यांची करतात त्या निकेलच्या मिश्रधातूंत निकेल-ॲल्युमिनियमचे बारीक, भोवतीच्या स्फटिकाच्या रचनेशी जुळणारे कण असतात. ज्या दोषांच्या सरकण्यानं धातू लांबतो, त्या स्फटिकातल्या दोषांची वाट ते अडवतात. शिवाय साध्या धातूतले असंख्य छोटे स्फटिक आपापल्या सीमांवर एकमेकांवरून घसरतात, म्हणून पातं अख्खं एकाच स्फटिकाचं ओततात. सीमाच नाही, तर घसरणार काय?

राहिला फटीग. त्याला मी 'श्रांती' म्हणतो. 'थकवा' म्हटलं की झोप काढून उतरेल असं वाटतं. धातूत दर फेऱ्यागणिक वाढलेली भेग इंजिन बंद ठेवल्यानं भरून येत नाही. इथे मात्र 'वि' लावू नका. विश्रांतीतला 'वि' श्रम घालवणारा आहे.