वेचणीचा क्रम आणि दवाचं वजन

तुम्ही लिहिलंय की फवारलेल्या वाफ्यांत कापूस दर वेचणीला जास्त भरला, पाचही पुनरावृत्त्यांत (तोच प्रयोग पुन्हा घातलेल्या वाफ्यांत) फरक एकाच बाजूचा आला, तरी गाईड "वैधता कुठे आहे?" म्हणून, म्हणजे फरक खरंच फवारणीचाच कशावरून, असं विचारून प्रबंध परत पाठवताहेत. वाचून माझं एम.एस्सी.चं वर्ष आठवलं. वाफ्यांची आखणी, धुऱ्याकडची तासं सोडणं हे तुम्ही केलंच असेल. मला एकच विचारायचंय: वेचणी कोणत्या क्रमाने केली?

दारव्ह्याजवळच्या आमच्या वावरात पेरणीच्या वेळी मी चिठ्ठ्या टाकून वाफे ठरवले. वेचणीला मात्र, गोंधळ नको म्हणून, बायांना आधी फवारलेले सगळे वाफे द्यायचो, बाकीचे जेवणानंतर. थंडीची सकाळ, पऱ्हाटीवर दव. ओटीतला कापूस हाताला गार, दमट लागायचा. तसाच काट्याला लावला. दुपारचा मात्र कोरडा. फवारणीच्या नावावर मी दवाचं वजन लिहीत गेलो.

पुनरावृत्त्यांनी इकडेतिकडे होणारी चूक निवळते. दर वेळी एकाच बाजूला झुकणारी चूक तशीच राहते, आणि फरक खुशाल 'सिग्निफिकंट', म्हणजे नुसत्या योगायोगाचा नाही असा, येतो. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्राच्या शेतांवर काम करताना रँडमायझेशनचा, म्हणजे चिठ्ठ्या टाकून ठरवण्याचा, आग्रह धरला. माझ्या मते तो पेरणीवर थांबवू नये, काट्यापर्यंत न्यावा.

चूक कळल्यावर प्रकल्प जिथे जमा केला त्या कार्यालयात तीन चकरा मारल्या. तिथले म्हणायचे, "आकडे चांगले आलेत, कशाला उकरता?" त्या आकड्यांवर भरवसा ठेवून कोणी कास्तकार औषधाला पैसे घालेल, याचं तिथे कोणाला काही नव्हतं. अजून राग येतो. शेवटी एक हंगाम पुन्हा घातला.

तेव्हा एका गटाचे (शेजारशेजारचे, फवारलेले आणि न फवारलेले) सगळे वाफे त्याच बायांकडून एका दमात वेचले, गटातला क्रम दर वेळी चिठ्ठीने. पिशवीवर नुसता नंबर, तोलणाऱ्याला फवारणीचा पत्ता नाही. काटाही रोज ठरलेल्या वजनाने तपासून घ्या. आणि भारी जमिनीतला एका हंगामाचा निष्कर्ष बरडाला लावू नका.

मी संख्याशास्त्राचा माणूस नाही, गाईडचा शब्द शेवटचा. पण शेवटच्या वेचणीच्या पिशव्या वाफ्यागणिक अजून घरी असतील तर विकू नका. दोन दिवस ताडपत्रीवर ऊन द्या, पुन्हा तोला आणि दोन्ही वजनं शेजारी मांडून गाईडना दाखवा.