सगळ्यांच्या शेवटी

प्रिय चिऊ,

परवा गौरीच्या जेवणाला मी माझ्या आजीचं सांगत होतो, ती सगळ्यांना वाढून मगच जेवायची म्हणून. तू विचारलंस, "बाबा, यात कौतुक काय? तिला भूक लागत नव्हती?" सगळे हसले. मीही हसलो, पण लागलं.

लालबागच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली, त्यातच आजीची खानावळ. आजोबा गेल्यावर मंगळसूत्राच्या वाट्या गहाण टाकून तिने ती सुरू केली. गिरणीतली माणसं, बहुतेक आमच्या साताऱ्याकडची, पाळी सुटली की जेवायला यायची. तिला मावशी म्हणायची. स्टोव्हची घरघर आणि सुकटीचा वास यातच मी पाढे पाठ केले. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं, तेव्हा कुठे आजीच्या मागचा सावकार सुटला.

आणि मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांचा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पगार नाही, तर खानावळीचे पैसे कुठून येणार? आजीने चूल थंड होऊ दिली नाही. तिला लिहिता येत नव्हतं, मी तिसरीत, अक्षर बरं, म्हणून उधारीची वही माझ्याकडे. कितीतरी जण गावी गेले ते परतलेच नाहीत. काका वसुलीचं बोलला की म्हणायची, "असतं तर दिलं नसतं का रं त्यांनी?"

उधारीवर जेवू घालायचं हे तिनं स्वतः ठरवलं होतं, एवढं मी ठामपणे सांगेन. शेवटी जेवणं? ते तिला कुणी विचारलं नव्हतं. आम्ही मुलगे पहिल्या पंगतीला. संपाच्या दिवसांत तिच्या ताटात काय उरायचं ते मी सांगू शकत नाही, कारण तोवर मी झोपलेला असायचो.

तू तसं वागावंस असं मुळीच नाही. आपण एकत्र बसतो तेच बरं (तरी गरम पोळीसाठी आईच उठते, तेही तू पाहिलं असशीलच). पण आजीला नुसती बिचारी म्हणू नकोस, ती तशी नव्हती. उधारी बुडवणाऱ्याला नाही, पण ताटात टाकणाऱ्याला तिनं उठवलेलं मी पाहिलंय.

नंदाआत्या तिच्या हाताखाली भाकऱ्या थापायची आणि तिच्याबरोबरच जेवायची. रविवारी फोन कर, तिला विचार. माझ्याइतकं गोड करून ती सांगणार नाही.

तुझा,
बाबा