मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून फॅनची मोटर बदलू नका

जाममध्ये गाडी तापते, रेडिएटरचा फॅन एसीवरही फिरत नाही आणि वर्कशॉपवाला मीटर लावून म्हणतो मोटर बदला, ही तुमची पोस्ट वाचली आणि डोकंच फिरलं, कारण अक्षरशः हेच माझ्या गाडीचं झालं होतं. उज्जैनहून इंदूरला येताना सांवेरच्या जाममध्ये सुई लालला टेकली, रेडिएटरचा फॅन ढिम्म, एसी लावूनही फिरला नाही, जाम सुटून गाडी पळायला लागली की सुई आपोआप खाली, आणि वर्कशॉपवाल्याने मल्टीमीटर लावून सांगितलं की करंट येतोय म्हणजे मोटर गेली, अख्खी फॅन असेंब्ली घ्या. पैसे भरले नसतील तर थांबा जरा. भरले असतील तर जुना फॅन मागून घ्या, भंगारात जाऊ देऊ नका, का ते पुढे सांगतो.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. इन्व्हर्टर-बॅटरीच्या धंद्यात आयुष्य गेलं, त्यामुळे इंजिनच्या आतलं फारसं कळत नाही पण १२ व्होल्टचं थोडंफार कळतं. गाडीगाडीत फरक असतो, तेव्हा माझं ऐकून काही जळलं तर मला शिव्या घालू नका. कूलंटची लेव्हल, फुटलेला होज, बेल्ट वगैरे तुम्ही बघितलंच असणार, त्यात जात नाही. फक्त एवढंच की कूलंट कमी असेल तर सेन्सर पाण्यात न राहता वाफेत राहतो आणि टेम्परेचर कमी दाखवतो, मग फॅन बिचारा ठीक असूनही लागत नाही. तेवढं गाडी पूर्ण गार असताना कॅप उघडून बघा. गरम असताना कॅपला हात लावायचा नाही, आत प्रेशर असतं, साधं पाणीसुद्धा १२० डिग्रीपर्यंत न उकळता बसलेलं असतं आणि कॅप सुटली की एकदम तोंडावर येतं.

हायवेला ठीक आणि जाममध्ये गरम, म्हणजे रेडिएटर आणि पंप बहुतेक बरे आहेत, पळत्या गाडीला समोरून हवा मिळते, उभ्या गाडीला फॅनच हवा. तुमचा फॅन एसीवरही लागत नाही ही खरं तर चांगली खूण आहे. एसीवर लागला असता आणि तापल्यावर लागला नसता तर मोटर, फ्यूज, वायरिंग सगळं संशयातून सुटलं असतं आणि सेन्सरच्या मागे लागावं लागलं असतं. दोन्हीवर लागत नाही म्हणजे गडबड बहुतेक दोन्हींच्या सामाईक रस्त्यात आहे: फ्यूज, रिले (फॅनचा करंट चालू-बंद करणारा स्विच), वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग), अर्थिंग (निगेटिव्हची गाडीच्या बॉडीला जोडणी), मोटर. मात्र एसीचा गॅस कमी असेल तर कॉम्प्रेसरच एंगेज होत नाही आणि मग ही टेस्ट फुकट, तेव्हा एसी खरंच गार करतोय ना ते बघा. काही गाड्यांत एसीचा फॅन वेगळा असतो, त्यांना हे लागू नाही.

फ्यूज डोळ्याने बघून पास करू नका, वरच्या दोन्ही टोकांवर टेस्टर लावून बघा. रिलेला हॉर्नचा किंवा दुसरा सेम नंबरचा रिले अदलाबदल करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. रिले टिक करतोय म्हणजे चांगला असं नसतं, टिक फक्त कॉइलची, आतले पॉइंट जळलेले असू शकतात. सेन्सरचा कपलर इग्निशन बंद करून काढायचा आणि मग गाडी स्टार्ट करायची, बऱ्याच गाड्यांत ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, टेम्परेचर कळेनासं झालं की तो सेफ्टी म्हणून फॅन सतत चालू ठेवतो. चेक इंजिनचा लाइट लागेल, घाबरू नका. यातही फॅन हलला नाही तर सेन्सर बदलायला निघालेल्या माणसाला हात जोडा.

आता मुख्य गोष्ट.

एक मोठं वर्कशॉप, नाव घेत नाही, इंदूरमधलंच, काचेमागे बसवून कॉफी देणारं. फ्लोअरवर ग्राहकाला एंट्री नाही. मी काचेतून बघत होतो, पोराने फॅनचा कपलर काढला, मीटरच्या पिना खुपसल्या, १२.४ का काहीतरी आलं, त्याने अंगठा दाखवला. अ‍ॅडव्हायजर येऊन म्हणतो, "सर, करंट तो पूरा आ रहा है, मोटर ही गई है." मी म्हटलं अहो लोडवर बघितलं का? कपलर लावलेला असताना किती व्होल्ट राहतात? तर म्हणे आमच्या चेकशीटमध्ये तसा पॉइंट नाही. चेकशीटमध्ये नाही! घरात लग्न होतं, पुण्याला जायचं होतं, गाडी हवीच होती, त्यांनी फॅन बदलला, बिल हातात ठेवलं, फॅन भर्रकन फिरला. आणि मग ऐन मे महिन्यात पुन्हा बंद. परत नेली तर म्हणे आता सेन्सर. सेन्सर झाला, तरी नाही. मग म्हणे ईसीएम दाखवावा लागेल, त्याचा आकडा सांगितला तेव्हा मी गाडी उचलून घरी आणली. नवीन फॅन परत घ्या म्हटलं तर उत्तर ठरलेलं, इलेक्ट्रिकल पार्ट एकदा बसवला की रिटर्न नाही. जुना फॅन मी भांडून डिक्कीत टाकून घेतला होता, तो घरी इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लावला तर असा फिरला की ओट्यावरचे पेपर उडाले.

ही मीटरची भानगड का होते ते नीट समजून घ्या, कारण यातच सगळे पैसे जातात. मल्टीमीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही, अँपिअरचा दहा लाखावा भाग वगैरे. त्यामुळे मधे गंजलेली पिन असो, तुटत आलेल्या वायरचा एकच तार शिल्लक असो, मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दिसणारच. आपल्याकडे नर्मदेच्या लाइनीत गाळ साचला तरी नळ बंद असताना आत प्रेशर पूर्ण भरतं, नळ उघडला की मग कळतं धार किती ते, तसं. फॅनची मोटर म्हणजे उघडा नळ. फिरत असताना १०-१५ अँपिअर सहज ओढते, सुरू होताना त्याहून जास्त. थांबलेल्या मोटरचा रेझिस्टन्स समजा ०.३ ओहम आणि खराब जॉइंटचा फक्त १ ओहम, तर करंट होतो साधारण ९ अँपिअर आणि मोटरला मिळतात जेमतेम पावणेतीन व्होल्ट. बाकीचे ९ व्होल्ट त्या जॉइंटवर, म्हणजे ८० वॉटच्या वर उष्णता तेवढ्याशा पिनेत. म्हणून कपलरचं प्लास्टिक तपकिरी पडतं, वितळतं. फॅन हलत नाही, फ्यूज उडत नाही, स्कॅनरवर कोड येत नाही, आणि मीटर सांगतो सगळं छान आहे.

नवीन फॅन आधी का चालला? कपलर काढून परत बसवताना पिना घासल्या गेल्या, तात्पुरता कॉन्टॅक्ट आला. बस. हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं की नाही तुम्हीच सांगा, रोजचं काम आहे त्यांचं.

माझं काम शेवटी आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने केलं, फूटपाथवर बसतो, मीटर त्याच्याकडे नाहीच. एक जुना हेडलाइटचा एच-४ बल्ब, त्याला दोन वायरी. फॅनचा कपलर काढला, त्यात बल्ब लावला, मला म्हणे एसी लावा. बल्ब उदबत्तीसारखा लाल. "देख लो भिया, करंट है पर दम नहीं है." मग बल्बची एक वायर कपलरमधून काढून सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, बल्ब लख्ख. म्हणजे प्लस चांगला, अर्थिंग मेलेलं. अर्थची वायर हेडलाइटच्या मागे बॉडीला जिथे बोल्टने बसते तिथे लगखाली (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) हिरवट पांढरा थर साचलेला, आणि कपलरची अर्थची पिनही काळी पडलेली. बोल्ट काढून खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासला, नवीन लग, जाड वायरचा नवीन कपलर, वरून व्हॅसलिन. वर्कशॉपच्या बिलावरच्या जीएसटीएवढेही पैसे लागले नाहीत. गाडी अजून आहे, फॅन अजून तोच आहे. जुना फॅन स्पेअर म्हणून माळ्यावर पडलाय.

तर तुम्ही हेच करा. बल्ब ५५/६० वॉटचा साधा हॅलोजन घ्या, एलईडी चालणार नाही, तो करंटच ओढत नाही. सुमारे ५ अँपिअरचा लोड पडतो, मोटरइतका नाही पण सडलेला जॉइंट पकडायला पुरतो. लख्ख लागला तर मोटरवर संशय घ्या, आणि तिलाही थेट बॅटरीवर फ्यूज टाकून लावून बघितल्याशिवाय बदलू नका. कधीकधी कार्बन ब्रश झिजलेले असतात, मागून हलकं ठोकलं की फिरते, ती मोटर खरोखर गेलेली समजा. बल्ब अजिबातच लागला नाही तर मागे रिलेकडे चला, मंद लागला तर वर सांगितलं तसं एकेक बाजू बॅटरीवरून देऊन बघा. मीटरनेच करायचं असेल तर कपलर लावलेला ठेवून, फॅनला कमांड चालू असताना (म्हणजे एसी लावून), बॅटरीचा निगेटिव्ह आणि फॅनची अर्थ वायर यांच्यात मोजा. पाव व्होल्टच्या आत यायला पाहिजे, दोन-तीन व्होल्ट आले की चोर सापडला.

दोन गोष्टी सांभाळा. हा बल्ब सेन्सरच्या किंवा ईसीएमच्या बारीक वायरींना चुकूनही लावू नका, त्या ५ व्होल्टच्या असतात, ईसीएम खरंच जाईल. आणि नवीन गाड्यांत फॅनलाच मॉड्यूल असतं, कपलरला तीन-चार वायरी असतात, तिथे ही बल्बची युक्ती चालत नाही, त्याला स्कॅनरवालाच पाहिजे. तुमच्या फोटोत दोनच वायरी दिसतायत म्हणून एवढं लिहिलं. हात आणि बाही फॅनपासून लांब ठेवा, काही गाड्यांत इग्निशन बंद केल्यावरही तो अचानक फिरतो.

आता कुणीतरी खाली लिहीलच की एवढं कशाला, फॅन डायरेक्ट करून टाका. इंदूरमध्ये दर दुसरा माणूस हाच सल्ला देतो. माझं स्पष्ट मत, करू नका. घरच्या वायरिंगची बारीक वायर, फ्यूज नाही, रिले नाही, डॅशबोर्डखाली एक बटण, आणि त्यातून १५ अँपिअर. वायर तापून आग लागली तर इन्शुरन्सवाले आधी तेच बटण शोधतील. शिवाय तुमचं अर्थिंगच सडलेलं असेल तर डायरेक्ट करूनही फॅन मेल्यासारखाच फिरणार. दुसरा आवडता सल्ला म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडच्या गरमीत लागत नाही. अहो, थर्मोस्टॅट गरमीसाठी नाहीच, इंजिन ठरलेल्या टेम्परेचरला राहावं म्हणून आहे. काढला की इंजिन थंड राहतं, ईसीएम जास्त पेट्रोल मारत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि फॅन बंद आहे तो बंदच.

अर्थिंग कशाने सडलं हे मला नक्की सांगता येणार नाही, पण माझा संशय प्रेशरने इंजिन धुण्यावर आहे. शहर २०१७ पासून सलग अनेक वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं म्हणून बोनेटच्या आतसुद्धा फवारा मारून घ्यायची आपल्या लोकांना फार हौस. ते पाणी कपलरमध्ये आणि लगखाली जाऊन बसतं. मी आता फक्त ओल्या फडक्याने पुसतो. पावसाळ्यात उंदरांचंही बघा, त्यांनी कुरतडलेली वायर बाहेरून धड दिसते.

तोपर्यंत गाडी काढावीच लागली तर भेरू घाट किंवा मानपूरच्या चढाकडे जाऊ नका. शहरात सुई चढायला लागली की एसी बंद, हीटर फुल गरम, ब्लोअर फुल, काचा खाली. मे महिन्यात हे म्हणजे शिक्षाच आहे पण हीटरचा कोअर छोट्या रेडिएटरचंच काम करतो, सुई खरंच उतरते. तरी लालकडे गेलीच तर बाजूला घेऊन बंद करा, गरम इंजिनवर गार पाणी ओतू नका, इंजिनचं हेड (वरचा भाग) वाकतं.

बल्ब लावून बघितलात की लख्ख लागला का मंद ते इथे लिहा, आणि हेडलाइटमागच्या अर्थच्या बोल्टचा एक फोटो टाका, लग काढून, वरून नाही. वर्कशॉपने असेंब्लीचं एस्टिमेट दिलं असेल तर त्यावर काय टेस्ट केली ते लिहून मागा. लिहून देत नाहीत ते, पण मागा.