जुन्या टर्बो डिझेलचा धूर

प्रश्न : केळी भरून कन्नड घाट चढताना माझी जुनी टर्बो डिझेल पिकअप काळा धूर सोडते, बराच वेळ उभी राहून निघाली, की निळसर धूर येतो. इंजिन खोलावे लागेल का?
— एक वाचक, रावेर

उत्तर : एवढ्यावरून इंजिन खोलू नये. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा अपुरी. म्हणून आधी एअर फिल्टर बघावा, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यातील धुळीने तो लवकर तुंबतो. त्यानंतर टर्बोपासून, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापासून, इंजिनकडे जाणारा रबरी पाइप हाताने दाबून तपासावा. क्लिपजवळ तेलकट काळा ओघळ दिसला आणि चढावर फुसफुस ऐकू आली, तर हवा तिथूनच निसटते आहे. हे निर्दोष असल्यास डिझेल फवारणारे इंजेक्टर तपासून घ्यावेत.

निळ्या धुराची मला अधिक काळजी वाटते, कारण त्यात इंजिन ऑइल जळत असते. दोष ऑइल अडवणाऱ्या व्हॉल्व्ह सीलचा, पिस्टन रिंगचा किंवा टर्बोचा असू शकतो. मात्र टर्बो बदलण्यापूर्वी त्यातून ऑइल परत नेणारी नळी तुंबलेली नाही ना, हे मेकॅनिककडून अवश्य पाहून घ्यावे. हवेच्या पाइपात ऑइलचा पातळ थर चालतो; ते साचलेले आढळले, तर गाडी चालवू नये, कारण त्याच ऑइलवर इंजिन बेफाम पळू शकते आणि चावी बंद करूनही थांबत नाही.