मिरचीच्या रोपांना ट्रे किती कप्प्यांचा घ्यावा? (भोकरदनच्या भाऊंना उत्तर)

भाऊ, तुमच्या पोस्टमधलं "रोपं मेली नाहीत, पण महिना झाला तरी हलली नाहीत" हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. आमच्याकडे सिल्लोडच्या बाजूला हेच झालंय, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमचा प्रश्न असा की मागच्या वर्षी विकतच्या रोपांनी दगा दिला, म्हणून यंदा उन्हाळी मिरचीची रोपं घरीच करायची. दुकानदार म्हणतो २०० कप्प्यांचा ट्रे घ्या, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वाचतं. मेव्हणे म्हणतात ट्रेच्या भानगडीतच पडू नका, माती-शेणखत भरून मोठ्या पिशवीत बी टाका, रोप जोमदार येतं. माझं ऐकाल तर दोघांचंही ऐकू नका. मिरचीला ९८ किंवा १०४ कप्प्यांचा ट्रे. शेडनेटमध्ये जागा असेल आणि लागवड ऐन उन्हात असेल तर ७० चा, अजून बरं. बी किती खोल टाकायचं, ट्रे एकावर एक रचून कसे झाकायचे, हे तुम्हाला ठाऊक असणार, त्यात जात नाही.

दुकानदाराच्या बचतीचा हिशेब आधी करू. ९८ च्या एका ट्रेला साधारण सव्वा किलो ओलं कोकोपीट लागतं. ४ बाय सव्वा फुटावर एकरी ८,७०० च्या आसपास रोपं बसतात. नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायला धरून १०० ट्रे म्हणा. कोकोपीटच्या पाच किलोच्या पाच-सहा सुक्या विटा भिजवल्या की झालं. त्यातली अर्धी वाचवून किती वाचणार? दोन-तीन विटा. आणि त्यासाठी ३५ ते ४० दिवस ट्रेमध्ये राहणारं पीक तुम्ही अंगठ्याएवढ्या कप्प्यात कोंबणार. कोबी तीन-साडेतीन आठवड्यांत निघते, तिला एक वेळ चालून जाईल. मिरचीचं मूळ रोप निघायच्या दिवसाआधीच कप्प्याच्या भिंतीला लागतं, खाली वळतं आणि गोल फिरायला लागतं. शिवाय एप्रिलच्या उन्हात एवढासा कप्पा सकाळी भिजवला की दुपारपर्यंत कोरडा. दिवसातून तीनदा झारी घेऊन उभं राहायची तयारी आहे का घरात कुणाची?

मेव्हण्यांचं म्हणणं वरवर पटतं, म्हणून ते जास्त धोक्याचं. मोठ्या पिशवीत मूळ बोटभर आणि भोवती ओली माती ढीगभर. रोपटं पिऊन पिऊन पिणार किती? पाणी तसंच राहतं, खाली हवा खेळत नाही, आणि बुरशीला तेच हवं असतं. जमिनीलगत खोड बारीक होतं, पाणचट दिसतं, आणि सकाळी उभं असलेलं रोप संध्याकाळी आडवं. त्याच्या अलीकडची पायरी आणखी फसवी. पानं मलूल दिसतात, माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो अजून पाणी देतो. पपई, शेवगा पिशवीत करतात ते बरोबर आहे, त्यांना जास्त दिवस थांबायचं असतं. पण मिरचीच्या आठ-नऊ हजार पिशव्या भरणार कोण आणि बेडपर्यंत वाहणार कोण?

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. भांडं कुठलंही असो, पाणी निथळून गेल्यावरही तळाशी एक थर ओलाच राहतो. उथळ कप्प्यात तोच थर अर्ध्या कप्प्याएवढा होऊन बसतो. म्हणून ट्रे घेताना नुसते कप्पे मोजू नका, खोलीही बघा. आणि कोकोपीट अंगठ्याने दाबून भरू नका. ट्रेमध्ये शेतातली माती तर नकोच.

आता ज्या गोष्टीने आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ती सांगतो. रोपवाटिकेचं नाव घेत नाही, जिथे तक्रार केली त्या ऑफिसचंही नाही. त्या वर्षी आमचीही रोपं विकतचीच होती. गाडी आली तेव्हा रोपं एका उंचीची, बुटकी, कडक. "हार्डनिंग केलेला माल आहे", म्हणजे लागवडीआधी कणखर केलेली रोपं, असं सांगितलं. जवळून बघितलं तर शेंडे कापलेले, कापलेली टोकं वाळून काळी पडलेली. म्हणजे रोपं कधीच लागवडीला आली होती. गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून ट्रेमध्येच थांबवली आणि उंची दिसू नये म्हणून वरून छाटली. काहींना तर ट्रेमध्येच कळी धरली होती. पण ड्रीप (ठिबकच्या नळ्या) टाकलेलं, मल्चिंगचा प्लास्टिक कागद अंथरलेला, मजूर बांधावर उभे. अशा वेळी गाडी परत कोण पाठवतो?

महिन्याने एक रोप उपटलं. मुळांभोवतीचा कोकोपीटचा गड्डा जसा ट्रेमधून निघाला होता तसाच, वर रुंद, खाली निमुळता. तळाशी मुळ्यांची तपकिरी गुंडाळी. बाहेरच्या मातीत पांढरी मुळी एक नाही. १९:१९:१९ हे विद्राव्य खत सोडलं, मुळ्या वाढाव्यात म्हणून ह्युमिक सोडलं, बुडाशी औषधाचं पाणी ओतून आळवण्या केल्या. मुळी त्या गड्ड्याच्या बाहेरच आली नव्हती, तर खत घेणार कोण?

मग तक्रार. पहिल्या टेबलावर सांगितलं, "बियाण्याची तक्रार असेल तर फॉर्म आहे, रोपांची आमच्याकडे नाही." दुसऱ्या टेबलावर बिलावर लॉट नंबर मागितला. बिल कसलं, वहीचा फाडलेला कागद, त्यावर 'मिरची रोप' आणि रक्कम. तिसरे साहेब मीटिंगला. पाहणीला आले तेव्हा निम्मं रान मोडून झालं होतं, आणि अहवालात शेरा काय? 'पाण्याचे नियोजन योग्य नाही.' गड्डा हातात धरून दाखवला, त्याचा एका शब्दाने उल्लेख नाही!

मी वकील नाही, तेव्हा पुढचं तपासून घ्या. १९६६ च्या बियाणे कायद्यात बियाण्याची जी व्याख्या आहे, तिच्यात रोपंही येतात. आणि बियाण्याच्या वादात शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात सांगितलंय. म्हणजे 'रोपांची तक्रार घेत नाही' म्हणून कुणी परत पाठवलं तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि पाहणी होईपर्यंत रान मोडू नका. ते जीवावर येतं, माहीत आहे. दोन-तीन रोपं गड्ड्यासकट उपटून तारखेसह फोटो तरी काढून ठेवा.

यंदा घरची रोपं करताय, उत्तम. पण नांग्या भरायला विकतची आणायची वेळ आलीच, तर बिलावर जात, लॉट नंबर आणि बी टाकल्याची तारीख लिहून घ्या. तारीख लिहायला जो का-कू करेल त्याच्याकडून घेऊच नका. गाडीतून ट्रे उतरवण्याआधी चार-पाच ट्रेमधलं एकेक रोप ओढून बघा. गड्डा न फुटता निघाला पाहिजे, मुळ्या पांढऱ्या पाहिजेत. तपकिरी जाळं झालेलं असेल तर गाडी परत. मजूर बसून राहिले तरी चालतील, एक दिवसाचीच मजुरी जाईल.

घरी ट्रे जमिनीवर ठेवू नका. खालच्या भोकातून मुळी मातीत घुसते आणि उचलताना तुटते. विटांवर बांबू टाकून त्यावर ठेवा. मुळीचं टोक हवेत आलं की आपोआप वाळतं आणि मागून नवे फाटे फुटतात. कोकोपीट धुतलेलं घ्या, खारट असेल तर पानांच्या कडा जळतात आणि आपण औषधं बदलत बसतो. जुने ट्रे असतील तर ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून, धुऊन, उन्हात वाळवून मगच भरा. बुरशीनाशकाचं नाव मुद्दाम देत नाही, इथे नाव वाचून लोक दुप्पट मात्रा टाकतात. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, नाहीतर लेबल वाचा.

खाली कमेंटमध्ये कुणीतरी गच्चीवरच्या मिरचीसाठी विचारलंय. पाच-दहा रोपं असतील तर कागदी चहाचा कप, तळाला भोक पाडून. चार-सहा खरी पानं आली की मग मोठी कुंडी. सुरुवातीलाच वीस लिटरच्या बादलीत बी टाकू नका, कारण वर दिलंय तेच.

आणि भाऊ, तारीख मागून मोजा. लागवड एप्रिलच्या शेवटी धरली तर मार्चच्या १५ ते २० मध्ये बी पडलं पाहिजे. ड्रीपवाला नक्की कधी येणार हे आधी पक्कं करा. तो आठवडाभर पुढे ढकलेल असं वाटत असेल तर बीही आठवडाभर उशिरा टाका.