बागेत पळत सुटलेला बांबू औषध न मारता कसा आवरायचा?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, ताईंनी कुंपणाला आडोसा म्हणून चार वर्षांपूर्वी बांबूची तीन रोपं लावली, सुरुवातीला ती जागची हलली नाहीत आणि आता लॉनमध्ये, फरशीच्या सांध्यात आणि शेजाऱ्यांच्या वाफ्यात कोंब निघतायत, घरात लहान मुलं आहेत म्हणून तणनाशक मारायचं नाहीये. अजून दोघांनी साधारण हेच विचारलंय, त्यातल्या एका दादांनी तर मीठ टाकू का डिझेल ओतू असं विचारलंय.

दादा, आधी तुम्हाला सांगतो, दोन्ही करू नका. मीठ आणि डिझेलने बांबूच्या आधी माती मरते, पुढे तिथे काही लावायचं म्हटलं तरी येत नाही, आणि बांबूचं जमिनीतलं कांड बाजूच्या चांगल्या मातीत सरकून मोकळं होतं. ब्लीचचंही तेच.

आता ताई, पहिलं काम म्हणजे तुमचा बांबू कुठल्या जातीतला आहे ते बघा. बेटाने वाढणारा असेल तर काठ्या एकमेकींना चिकटून येतात, बेट दरवर्षी थोडंथोडं रुंद होतं, तो लांब पळत नाही. तुमचे कोंब मूळ झाडापासून लांब लांब निघतायत म्हणजे हा पळणारा बांबू. काठीला हात लावून बघा, फांदी जिथून फुटते त्याच्या वरच्या पेरावर उभी खोलगट चपटी खाच लागली तर तो फायलोस्टॅकिस या पळणाऱ्या बांबूच्या गटातला असणार, सोनेरी बांबू म्हणून शोभेसाठी जे लावतात त्यातला एक प्रकार यातलाच. मग एका कोंबाशेजारची माती वीतभर उकरा. आत पिवळसर पांढरं, बोटाएवढं जाड आडवं कांड दिसेल, जवळजवळ पेरं, प्रत्येक पेराला बारीक मुळ्यांचा झुपका आणि एका बाजूला चपटा डोळा, आणि पुढचं टोक दाभणासारखं कडक. हराळी जशी जमिनीखालून चालते तसंच हे, फक्त आकाराने मोठं. त्या प्रत्येक डोळ्यातून नवीन काठी किंवा नवीन कांड येऊ शकतं हे डोक्यात पक्कं ठेवा.

लोक मला म्हणतात साहेब दरवर्षी तोडतो तरी येतोच. येणारच, कारण तुम्ही तोडता चुकीच्या वेळेला. नवीन कोंब वर येतो तेव्हा त्याला स्वतःचं पान नसतं, तो सगळा कांडात साठवलेल्या अन्नावर वाढतो आणि काही आठवड्यांत पूर्ण उंची गाठतो, त्यानंतर ती काठी उंचीला वाढतच नाही. मग पानं उघडतात आणि खर्च झालेलं अन्न परत खाली जायला लागतं. म्हणजे पानं उघडल्यावर, सगळं भरून झाल्यावर तोडलं तर बांबूचं फार काही बिघडत नाही. कोंब कंबरेएवढा झाला, फांद्या सुटायच्या बेतात आहेत पण पान उघडलं नाही, तेव्हा जमिनीलगत छाटा. खर्च झाला, जमा शून्य. असे जे जे कोंब येतील ते सगळे, एकही पानावर येऊ द्यायचा नाही. रोज बागेत फिरणं होत नसेल तर कंबरेपर्यंत थांबू नका, वीतभर असतानाच मोडा किंवा लॉनमधले मशीनखाली घ्या, कारण एक कोंब नजरेतून सुटून पानावर आला की तो बाकीच्यांना जेवू घालतो. याला साधारण दोन-तीन हंगाम लागतात ताई, लवकर होईल असं खोटं सांगणार नाही.

पण यात एक मेख आहे. मूळ झाड तुम्हाला ठेवायचंय, त्याला भरपूर पानं आहेत आणि लॉनमधल्या कोंबांना तिकडूनच रसद मिळतेय, ती तोडल्याशिवाय छाटणीचा उपयोग नाही. म्हणून मूळ झाडाभोवती जिथपर्यंत बांबू हवा तिथे चुन्याने गोल रेघ मारा, आदल्या दिवशी पाणी सोडून माती भिजवा आणि धारदार कुदळीने किंवा पहारीने रेघेवर सलग फूट-दीड फूट खोल वार करत जा, कारण कांडं बहुतेक वरच्या एका फुटातच असतात. कट बसला की हाताला कळतं, मातीत वार भस्सकन जातो आणि कांडावर टणकन अडतो. रेघेबाहेरची जेवढी कांडं ओढून निघतील तेवढी काढा, उरलेल्यांवर वरची छाटणी चालू ठेवा. खोदायच्या आधी तिथून पाण्याचा पाइप किंवा केबल गेलीय का बघून घ्या.

त्याच रेघेवर मग कायमचा बंदोबस्त करा. एक म्हणजे जाड एचडीपीई प्लास्टिकचा पडदा, दोन ते अडीच फूट खोल गाडायचा, दोन इंच मातीच्या वर ठेवायचा, आणि वरची कड झाडापासून जरा बाहेर झुकलेली पाहिजे, म्हणजे कांड आपटलं की खाली न घुसता वर वळतं आणि तुम्हाला दिसतं. जोड नीट पट्टी-बोल्ट लावून आवळा, नुसतं एकावर एक ठेवलं तर टोक त्या फटीतूनच जातं. एकाच बाजूला पडदा लावूनही उपयोग नाही, तो वळसा घालतो. दुसरा उपाय चर, फूटभर खोल, वीतभर रुंद, मोकळा ठेवा किंवा पालापाचोळ्याने सैल भरा, आणि वर्षातून दोन-तीन वेळा हात घालून आडवी आलेली टोकं सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, कापा. कोंबांचा हंगाम संपला की कांडं जोरात पळतात, तेव्हाची फेरी अजिबात चुकवू नका. मला विचाराल तर घरच्या बागेला चरच बरा, पडदा गाडला की माणूस निर्धास्त होतो आणि वरून उडी मारून गेलेलं कांड वर्षभर कुणी बघत नाही.

ताडपत्री झाकून मारायचा विचार असेल तर सोडा, कांड तिच्याखालून चालत जाऊन कडेला बाहेर पडतं.

काढलेली कांडं ओली असताना कंपोस्टमध्ये किंवा कोपऱ्यात मातीवर टाकू नका, डोळा असलेला तुकडा परत रुजतो. फरशीवर उन्हात टाका, कडकडीत वाळून मोडायला लागली की मग काय करायचं ते करा. आणि काठ्या छाटताना तिरका काप ठेवू नका, तो खुंट भाल्यासारखा होतो, चप्पल फाडून पायात जातो. करवतीने मातीच्या पातळीला सरळ कापा, घरात मुलं आहेत म्हणून मुद्दाम सांगतोय.

शेजाऱ्यांशी या आठवड्यातच बोला. त्यांच्या वाफ्यातले कोंब पानावर आले आणि मधलं कांड तुटलेलं नसलं तर तुमच्या बाजूची मेहनत फुकट जाईल, तेव्हा कुंपणाच्या रेघेवर दोघांनी मिळून एकाच दिवशी कुदळ चालवा. काम झाल्यावर चराचा एक फोटो पाठवा, खोली बरोबर आहे का ते बघून सांगतो.